परसातल्या कोंबड्या आणि शंभर डोसांची कुपी

बीड जिल्ह्याची ओळख सांगायची तर लोक ऊसतोड सांगतात, दुष्काळ सांगतात, परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी सांगतात. कोंबडीचं नाव कुणी घेत नाही. मी आज तेच घेणार आहे. कवी माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, असं तुम्हांला वाटेल. पण आमच्या घरात कवितेच्या आधी कोंबड्या आल्या. माझ्या शाळेच्या वह्या, परीक्षेची फी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एस.टी.चा पास, यांतला बराच पैसा अम्मीच्या डालग्याखालून आला. अब्बांच्या कमाईचा हिशेब अब्बांकडे आणि अंड्यांचा अम्मीकडे. त्या हिशेबात अब्बांनी कधी तोंड घातलं नाही. शेजारच्या मराठा काकूंच्या घरी तीच रीत, पलीकडे वंजाऱ्यांच्या घरी आणि खाली बौद्धवाड्यातही तीच. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, कोंबड्या मात्र तिच्या.

सरकारी भाषेत याला ‘परसातील कुक्कुटपालन’ म्हणतात. हा प्रकार आता जुना झाला, संपत आला, असा शहरी माणसाचा समज असतो. आकडे उलटं सांगतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ साली ती पावणेबावीस कोटींच्या आसपास होती. सात वर्षांत जवळजवळ दीडपट. मोठमोठ्या पोल्ट्रीफार्मची वाढ त्या काळात यापेक्षा कितीतरी कमी झाली.

गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. फार्मवरची तीनशेच्या घरात देते. मग हिला का पाळायचं? कारण ही मागत काही नाही. उकिरडा उकरते, सांडलेली ज्वारी वेचते, किडे खाते, रात्री लिंबाच्या फांदीवर झोपते आणि स्वतःची पिलं स्वतः वाढवते. तिच्या अंड्याला बाजारात फार्मच्या अंड्याच्या दुप्पट भाव मिळतो. आखाडात देवीला कोंबडं लागतं, दर्ग्याच्या कंदुरीला लागतं, बाळंतिणीच्या रश्श्याला लागतं. श्रावण लागला की भाव पडतो आणि श्रावण संपला की पुन्हा चढतो. हे पंचांग बायकांना तोंडपाठ असतं, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत. आमची अम्मी श्रावणात एकही कोंबडं विकत नसे.

या धंद्याला शाळा नाही. जे काही शिक्षण आहे ते हौदावर, गिरणीत, आठवडी बाजारात आणि एकमेकींच्या ओट्यावर होतं. चांगल्या जातवान कोंबड्याची अंडी हवी असतील तर शेजारणीकडून उसनी आणायची आणि पिलं निघाली की दोन पिलं तिला द्यायची. एखाद्या गरीब बाईला तलंग, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येणारी तरणी कोंबडी, अर्धेलीनं सांभाळायला द्यायची. पिलं निम्मी तिची, निम्मी हिची. कागद नाही, सही नाही. शब्दसुद्धा एकमेकांचे घेतलेले. मराठीत आपण ‘कोंबडी खुडूक बसली’ म्हणतो, आमच्या दखनीत ‘मुर्गी कुडक बैठी’ म्हणतात. कुणी कुणाकडून घेतला ते भाषाशास्त्रज्ञांनी सांगावं. मला वाटतं, तो शब्द कोंबडीनंच दोघांना दिला असेल. खुडूक झालेली कोंबडी तोच आवाज काढते.

आता या ओट्यावरच्या शिक्षणातलं खरं किती आणि खोटं किती, ते पाहू. बरंचसं खरं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अंडी बसवायची तर दिवाळी ते होळी हा काळ, असं आमच्याकडच्या जुन्या बायका सांगतात. ते बरोबर आहे. चैत्र-वैशाखात बीडचा पारा चाळिसाच्या पुढे जातो. अंडं कोंबडीखाली जाण्याआधीच आत जीव अर्धवट धरतो आणि मरतो. थंडीत आठवडाभराचं अंडं चालतं, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनं घेऊ नये. ज्वारीच्या कणगीत अंडी ठेवायची पद्धत चांगली, कारण तिथं गारवा असतो. ठेवताना निमुळतं टोक खाली हवं. कोंबडीखाली अकरा किंवा तेराच अंडी ठेवावीत, विषमच हवीत, असं सांगतात. विषमात काही नाही. पण गावरान कोंबडीच्या अंगाखाली बारा-तेरा अंड्यांच्या वर मावत नाहीत, ही गोष्ट त्या नियमात आपोआप पाळली जाते. डालग्यात लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्यानं काही होत नाही, आणि बिघडतही नाही. ठेवू द्यावा.

सातव्या दिवशी रात्री अंधारात मुठीत अंडं धरून त्यावर बॅटरीचा उजेड पाडायचा. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर जीव धरलाय. नुसतंच पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते रिकामं, काढून टाकायचं. पूर्वी हेच काम अम्मी चिमणीच्या उजेडात करायची. एकविसाव्या दिवशी पिलं निघतात. काही उशिरा निघतात, म्हणून बायका घाई करत नाहीत, आणि तेही शहाणपणाचं आहे. अंड्यातला बलक पिलाच्या पोटात आलेला असतो, त्यावर ते दीड-दोन दिवस निघतं. मग ज्वारीचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी.

पिलांना वाळवी खाऊ घालण्याची युक्ती मला फार आवडते. फुटक्या मडक्यात शेण, पाचट आणि गोणपाटाचा तुकडा भरायचा, पाणी शिंपडायचं आणि जिथं वाळवीचं वारूळ असेल तिथं संध्याकाळी उपडं घालायचं. सकाळी मडकं उचललं की आत वाळवीच वाळवी. पिलांना यासारखा पौष्टिक खुराक बाजारात पैसे देऊन मिळत नाही, आणि घराच्या दाराच्या चौकटीही वाचतात.

खुराड्यात उवा-पिसवा झाल्या की कोंबडी अंड्यांवरून उठून जाते. त्यासाठी डालग्यात चुलीची राख आणि सीताफळाचा पाला घालतात. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ म्हणजे घरचंच झाड. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या पानांत आणि बियांत किडे मारण्याचा गुण खरोखरच आहे. बियांची भुकटी मात्र जपून वापरावी. माणसाच्या डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते, आणि लहान मुलं असतील त्या घरात ती ठेवूच नये.

काही गोष्टी मात्र बंद व्हायला हव्यात. खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकपुडीतून पीस आरपार घालतात. हा निव्वळ छळ आहे. तीन-चार दिवस तिला हवेशीर, उजेडाच्या जागी, खाली गवत-पेंढा नसलेल्या पिंजऱ्यात ठेवलं आणि दाणापाणी नीट दिलं, तर खुडूक आपोआप मोडतो.

सुधारित जातींबद्दल दोन शब्द. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या केंद्रीय संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया ही नावं आता खेड्यात माहीत झाली आहेत. यांची अंडी जास्त, अंग मोठं. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून त्यांची अंडी उबवायला गावरान कोंबडीच लागते. शिवाय त्यांच्या पिलांत आईबापांचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणजे दर वेळी पिलं विकत आणणं आलं. गावरान दहा असतील तर त्यांत चार या ठेवाव्यात, सगळ्याच बदलू नयेत, असं माझं मत आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली मानांकन मिळालं, आणि काळ्या कोंबडीची हवा झाली. पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावानं शेतकऱ्यांची मोठी फसवणूक उघडकीला आली. ‘तुम्ही फक्त पाळा, दामदुप्पट भावानं आम्ही नेतो’ असं कुणी म्हणालं की आमच्या शेजारच्या काकू एकच प्रश्न विचारतात, “आन् न्हाई नेल्या तर?” या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

इथवर सगळं ठीक आहे. आता खरा मुद्दा. घार पिलू नेते, मुंगूस अंडं खातं, मांजर खुराड्यात शिरतं, हे नुकसान एकेकाचं असतं. पण एक रोग असा आहे की तो आला म्हणजे आठ दिवसांत गल्लीच्या गल्ली मोकळी करतो. त्याला आपण मानमोडी म्हणतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही मराठी माणसानं हेच नाव दिलं होतं. कोंबड्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. कोंबडीची मान पिळवटते, पंख लोंबतो, हिरवट-पांढरी हगवण लागते, ती तोंड उघडून घरघर श्वास घेते आणि मरते. पुस्तकात याला राणीखेत म्हणतात. इंग्लंडात न्यूकॅसलला हा रोग १९२६ साली ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. त्याच डोंगरात मुक्तेश्वरला जनावरांच्या रोगांची जुनी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथं १९४० च्या दशकात या रोगाची लस तयार झाली. तिचाच वंश आजही ‘आर-टू-बी’ नावानं टोचला जातो.

मानमोडी आली की ओट्यावरचं शिक्षण थिटं पडतं. लसूण ठेचून घालतात, हळद पाजतात, कुणी दारूचे थेंब देतं. हल्ली औषधाच्या दुकानातून पिवळी पूड आणून पाण्यात कालवतात. हा विषाणूचा रोग आहे. लसणानं जात नाही आणि त्या पुडीतल्या प्रतिजैविकानंही जात नाही. रोग झाल्यावर औषध नाही, होण्याआधी लस आहे. पिलाला सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बीची सुई. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. आर-टू-बी जहाल असते, लहान पिलांना ती देऊ नये. आजारी कोंबडीलाही देऊ नये.

मग बायका लस का देत नाहीत? अडाणीपणा म्हणून, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. बॅटरीच्या उजेडात अंड्यातला जीव ओळखणारी बाई अडाणी नसते. अडचण कुपीची आहे. ही लस शंभर, दोनशे, पाचशे डोसांच्या कुपीत येते, कारण ती फार्मच्या हिशेबानं बनवलेली आहे. कुपीत सुकवलेली लस असते. ती सोबतच्या द्रवात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. तोवर ती बर्फात हवी. फ्रीजमधून काढून टोपलीत घालून उन्हातून नेली, तर घरी पोचेपर्यंत ती नुसतं पाणी झालेली असते. आता एका बाईकडे सहा कोंबड्या. तिनं तालुक्याला जायचं, एस.टी.चं भाडं भरायचं, रोजगार बुडवायचा, शंभर डोस आणायचे, सहा वापरायचे आणि चौऱ्याण्णव ओतून द्यायचे. कोण करील?

हिशेब साधा आहे. घरटी सहा कोंबड्या धरल्या तर सोळा-सतरा घरं मिळून एक कुपी होते. म्हणजे एक गल्ली. ज्या बायका अंडी उसनी देतात, कोंबडा वाटून घेतात, तलंग अर्धेलीनं देतात, त्यांना कुपी वाटून घेणं जड नाही. जड आहे ती दुसरीच गोष्ट.

मानमोडीचं नाव निघालं की या सगळ्या बोलक्या बायका गप्प होतात. सगळ्या युक्त्या सांगतील, पण आपल्या खुराड्यात दोन कोंबड्या मान टाकून बसल्यात हे सांगणार नाहीत. सांगितलं तर दारातला व्यापारी परत जाईल, नणंद पाहुणी यायची थांबेल. म्हणून काय करतात? उरलेल्या धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या त्याच आठवड्याच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला फुंकून टाकतात. त्या कोंबड्यांच्या पोटात रोग असतो. त्या चार गावांत जातात. मेलेल्या ओढ्यात टाकतात, तिथं कुत्री आणि कावळे आपलं काम करतात. मी कुणाला दोष देत नाही. ज्या बाईचं वर्षभराचं मीठ-मिरची त्या डालग्यात आहे, ती दुसरं काय करणार? पण एका घरानं वाचवलेले चारशे रुपये दहा घरांना बुडवतात, हेही खरं आहे.

बर्ड फ्लूनं ही भीती आणखी वाढवली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली साथ नोंदली गेली. तिथले फार्म रिकामे झाले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत ती परसातल्या कोंबड्यांत सापडली. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारी, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. तेव्हापासून कोंबडी मेली की बायकांच्या मनात पहिला विचार येतो, ‘सांगितलं तर सगळ्याच मारतील.’ मानमोडी वेगळी, बर्ड फ्लू वेगळा. पण दोन्हींत कोंबड्या पटापट मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. म्हणून एकाच दिवशी तीन-चार मेल्या, किंवा गावात कावळे मरून पडले, तर १९६२ या नंबरावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवायचं नाही. चुना घालून खोल पुरायची.

आणि आपल्या जिल्ह्याची एक खास गोष्ट. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात तेव्हा ट्रकवर, ट्रॅक्टरवर, बैलगाडीवर संसार असतो आणि त्या संसारात एका डालग्यात तीन-चार कोंबड्याही असतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातले कारखाने. फडाजवळ कोप्या पडतात, बीडच्या कोंबड्या जालन्याच्या कोंबड्यांत मिसळतात, आणि मार्च-एप्रिलात ऐन उन्हाळ्याच्या तोंडी सगळ्या आपापल्या गावी परततात. रोगाला याहून चांगली गाडी कुठली मिळणार? म्हणून आमच्याकडे लसीचा मुहूर्त दसऱ्याच्या आधी दोन-तीन आठवड्यांचा हवा. लसीचा गुण यायला तेवढे दिवस लागतात. मागं म्हाताऱ्यांकडे राहिलेल्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचून घ्यावं, आणि टोळीबरोबर परत आलेल्या कोंबड्या पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात ठेवाव्यात.

ही अडचण आपल्याच देशाची नाही. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं १९८० च्या दशकापासून खेड्यातल्या बायकांनाच लस टोचायला शिकवलं. त्या घरोघर जाऊन थोडेसे पैसे घेऊन टोचू लागल्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात ‘आय-टू’ नावाची, उष्णता बऱ्यापैकी सहन करणारी लस तयार झाली. टांझानिया, मोझांबिकच्या खेड्यांत ती डोळ्यात थेंब टाकून देतात. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठानं दाण्यासारखी खाऊ घालता येणारी लस बनवली. आपल्याकडे बचतगटांतून पशुसखी तयार झाल्या आहेत. शेळ्यांचं काम त्या चांगलं करतात. गल्लीनं आग्रह धरला तर कोंबड्यांचंही करतील.

एका वस्तीवर हे काम मी जवळून पाहिलं. सतरा घरं, एकशे नऊ कोंबड्या. शंभराची कुपी घेतली, नऊ कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या होत्या, त्या वगळल्या. दिवसा कोंबडी हाती लागत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर काम काढलं. त्या दिवशी झाडावर झोपणाऱ्यांनाही संध्याकाळीच दाणे दाखवून खुराड्यात कोंडलं होतं. बर्फ कुल्फीवाल्याकडून घेतला आणि जेवणाच्या थर्मासात कुपी ठेवली. पशुसखी टोचत होती, एक सून कोंबडी धरून देत होती आणि दहावीतली मुलगी वहीत घराचं नाव आणि आकडा लिहीत होती. ज्या घरात कोंबडी सुस्त दिसली तिथल्या म्हातारीनं प्रथम “काय न्हाई, झोपंत हाय” असं सांगितलं. सुनेनं तिला बाजूला घेऊन काय समजावलं कोण जाणे, पण म्हातारीनं ती कोंबडी स्वतः उचलून वेगळ्या पाटीखाली झाकली. पहिल्याच घराच्या दारावर पशुसखीनं कुपी फोडल्याची वेळ खडूनं लिहिली होती, आठ वाजून दहा मिनिटं. शेवटचं घर दहाला पाच मिनिटं कमी असताना झालं.